गाडीचा तळ

गाडी दारात आली ती टेम्पोच्या मागे, दोरीला बांधून. पुढचं एक चाक फिरत नव्हतं. ते रस्त्यावर घासत आलं आणि त्या आवाजानं गल्लीतली दारं एकामागून एक उघडली. पॉलिशवाला गाडीच्या बाजूनं चालत होता, एक हात टपावर ठेवून, म्हातारा बैल घरी आणावा तसा.

"हे काय उचलून आणलंत?" बायकोनं दारातूनच विचारलं.

"गाडी."

"होती तेव्हा होती गाडी. आता काय आहे ते सांगा."

तेवढ्यात समोरचा शेजारी बाहेर आलाच. गल्लीतली कुठलीही बातमी त्याच्याकडूनच पुढे जायची, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत. त्यानं गाडीला एक फेरी मारली, काचेतून आत डोकावलं आणि म्हणाला, "पॉलिशवाले, आत उंदरांचा संसार आहे. भाडं कोण घेतं?"

"तू घे. थोडे दिवस थांब, मग हिला हात लावायच्या आधी तू हात धुशील."

पॉलिशवाल्याचं उभं आयुष्य कपाटं, टेबलं आणि पलंग चमकवण्यात गेलं होतं. नाव कधीच मागे पडलं होतं. बायकोसुद्धा दुकानात 'पॉलिशवाल्यांकडून आलेय' असंच सांगायची. आता लोक तयार, गुळगुळीत, कागद चिकटवलेलं सामान घेत. त्याला पॉलिश लागत नाही. महिनोन्‌महिने त्याला कोणी बोलावत नसे आणि तो घरात बसून बायकोच्या डब्यांची झाकणं घट्ट बसतात का बघत असे.

गाडी त्याच्या थोरल्या भावाची. भाऊ गेल्यापासून ती वहिनींच्या घरामागे पत्र्याखाली पडून होती. पुतण्या ती भंगारात काढायला निघाला होता, टेम्पोवालासुद्धा ठरला होता. सगळे बसले असताना पॉलिशवाला मध्येच बोलला, "भंगारात कशाला? मला दे. मी उभी करतो. तुला खिशात हात घालावा लागणार नाही."

पुतण्या हसला. "काका, ते कपाट नाही."

"कपाटच आहे. चाकं लावलेलं."

वहिनी म्हणाल्या, "होईल का हो भाऊजी? झाली तर मला एकदा धाकटीकडे नेऊन आणा."

धाकटी म्हणजे त्यांची बहीण. दुसऱ्या गावी असायची आणि बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती. वहिनींचे गुडघे वाकत नसत. बसची पायरी उंच, भाड्याच्या गाड्याही सगळ्या उंच. ही जुनी गाडी मात्र बुटकी. दार उघडलं की खुर्चीत बसावं तसं बसता यायचं. वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा पॉलिशवाल्याचे दुधाचे दात पडत होते. त्याच्या बुटाच्या नाड्या त्यांनी बांधल्या होत्या. एवढ्या वर्षांत त्यांनी त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं.

घराच्या बाजूच्या मोकळ्या पट्टीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली काम सुरू झालं. इंजिन त्यानं आयुष्यात उघडलं नव्हतं. पण टेबलाचा खण उघडतात तसं त्यानं ते उघडलं. एकेक भाग काढला आणि काढला त्याच क्रमानं जुन्या चादरीवर मांडत गेला. कार्बोरेटर रॉकेलमध्ये बुडवून दातांच्या ब्रशनं घासला.

"हा ब्रश कोणाचा?" बायकोनं विचारलं.

"तुझा जुना."

"जुना कुठला? सकाळी दात घासलेत मी त्यानं!"

दिव्याची कडी भंगारवाल्याकडे मिळाली, दुसऱ्याच कुठल्या गाडीची, ठोकून बसवली. सीटची कव्हरं बायकोनं शिवणयंत्रावर शिवली. कापड म्हणजे एका गिऱ्हाइकानं सोफ्याचं उरलेलं दिलं होतं ते. ब्रेकच्या बाबतीत मात्र त्यानं चिंगूसपणा केला नाही. ब्रेकचं सगळं सामान नवं आणलं, स्वतः बसवलं, काढलं, पुन्हा बसवलं. आणि चालकासमोर जी लाकडी पट्टी होती तिच्यावर तर त्यानं जीव ओतला. चपडा लाख, स्पिरिट, मऊ कापडाची पुरचुंडी, आणि गोल गोल फिरणारा हात. शेवटी त्या पट्टीत बघून रेडिओनं स्वतःचे केस सारखे केले.

मग एके दुपारी त्यानं पुढच्या डाव्या बाजूचं रबर उचललं. ही बाजू चालकाशेजारच्या माणसाची, म्हणजे वहिनी बसणार होत्या ती. रबराबरोबर पत्र्याचे पापुद्रेही वर आले. खाली भोक होतं, आणि भोकातून जमीन दिसत होती. ओल्या कपड्यांचं पाणी टपकून तिथं चिखल झाला होता, तोही दिसत होता.

त्यानं वेल्डिंगवाल्याला बोलावलं. वेल्डिंगवाल्यानं स्क्रू ड्रायव्हर टोचून टोचून पाहिलं. जिथं टोचलं तिथं तो आत गेला.

"काका, हे कापायला लागेल. इथून पार तिथपर्यंत. नवा पत्रा घालायचा, खालून आडवी पट्टी मारायची. सीटचा पुढचा बोल्ट कशात बसलाय बघा. कशातच नाही."

मग त्यानं आकडा सांगितला. पॉलिशवाल्यानं मान हलवली, परवडणारा माणूस हलवतो तशी. "बघतो. कळवतो तुला."

कळवणं राहिलंच. पुतण्याला सांगितलं असतं तर त्यानं एका शब्दात पैसे दिले असते. पण खिशात हात घालावा लागणार नाही, हा त्याला दिलेला शब्द घशात अडकून बसला होता. तो काढल्याशिवाय दुसरा शब्द बाहेर येणार नव्हता.

मग त्यानं आपल्या पद्धतीनं केलं. त्याच्या धंद्यात भोक हे रोजचंच. किड्यानं पोखरलेलं लाकूड आलं की भुशात राळ कालवायची, भोकं बुजवायची, घासायचं, रंग द्यायचा. टेबल पुन्हा वर्षानुवर्षं चालायचं आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं. त्यात लबाडी असते असं त्याला कधी वाटलं नव्हतं, कारण नव्हतीच. टेबलाला एका जागी उभं राहायचं असतं. त्यानं जाड प्लाय मापात कापला, कडा गंजलेल्या पत्र्यावर टेकवल्या, फटीत राळ आणि भुसा दाबून भरला. सीटचा तो बोल्ट प्लायमध्येच आवळला. खालून-वरून डांबर फासलं, वर रबर अंथरलं. मग आत उभा राहून त्यानं उड्या मारल्या.

"आत काय नाचताय?" बायको बाहेरून ओरडली.

"ताकद बघतोय."

"गाडीची का स्वतःची?"

तळ हलला नाही. तो खाली उतरला आणि भोकाचा विषय त्याच्या डोक्यातून गेला. निदान गेला असं तो धरून चालला.

इंजिन सुरू झालं त्या दिवशी अर्धी गल्ली जमली होती. रेडिओनं विचारलं, "कुठल्या गॅरेजवाल्याला धरलंत?" आणि पॉलिशवाला बोलून गेला, "बाहेरचा हात लागला नाही हिला. सगळं याच हातांनी." म्हटलं तर खरंच होतं ते. वेल्डिंगवाल्यानं फक्त टोचलं होतं. पण बोलताना त्याची नजर आपोआप डाव्या दाराकडे गेली आणि त्यानं ती झटकन बॉनेटवर आणली.

रेडिओनं ते वाक्य उचललं ते घरोघर नेलं. किराणावाल्यानं विचारलं, "बाहेरचा हात लागला नाही म्हणे?" केस कापणाऱ्यानं विचारलं. प्रत्येक वेळी पॉलिशवाला हसायचा, आणि हसून झालं की मानेपासून कानापर्यंत तापायचा. पुतण्या गाडी बघायला आला. लाकडी पट्टीवरून बोटं फिरवत बराच वेळ बसला. मग म्हणाला, "काका, मी हसलो होतो. चुकलो." त्यानं हे म्हणायला नको होतं. शिवी दिली असती तर पॉलिशवाल्याला बरं वाटलं असतं.

वहिनींचा फोन आला. "भाऊजी, धाकटीला कळवलं बरं का मी. ती म्हणते, मी उठून बसते."

"रस्ता कसा आहे हो तिकडचा?"

"खड्डेच आहेत म्हणतात. पण तुमचे भाऊ म्हणायचे, ही गाडी खड्डे गिळते."

फोन ठेवल्यावर तो बाहेर गेला, रबर उचललं, अंगठ्यानं दाबलं. घट्ट होतं. त्यानं रबर खाली ठेवलं आणि थोड्या वेळानं परत जाऊन पुन्हा उचललं. बायको खिडकीतून बघत होती. "तिथं काय पुरून ठेवलंय का?" ती म्हणाली. तो म्हणाला, "रबर सरकतंय." ती बरं म्हणाली आणि आत गेली.

निघायच्या आदल्या दिवशी पुतण्यानं गाडी नेली. वहिनींचं घर चौकापलीकडेच होतं. सकाळी पॉलिशवाला आणि त्याची बायको तिथं पोचले तेव्हा गाडी दारासमोर उभी होती आणि आरशासारखी चमकत होती. रेडिओही आला होता. त्याला चौकापर्यंत तरी गाडीत बसायचं होतं, पुढे तो चालत परत जाणार होता.

"काका, काल धुतली मी," पुतण्या म्हणाला. "सगळी दारं उघडून आतून पाइप मारला. किती धूळ निघाली म्हणून सांगू!"

पॉलिशवाल्यानं डावं दार उघडलं. ओल्या प्लायचा वास त्याला कुठंही कळला असता. तो वाकला, रबराची कड उचलली. प्लाय कडेनं फुगला होता, ओला दरवाजा फुगतो तसा, आणि फुगताना त्यानं राळ आणि डांबर दोन्ही सोडवून टाकलं होतं. त्यानं अंगठा दाबला. अंगठा आत गेला. सीट हातानं हलवून पाहिली, ती बोल्टापाशी डुलत होती.

"सगळं नीट ना काका?"

"नीट," तो म्हणाला.

आयुष्यभर गिऱ्हाइकांनी हेच विचारलं होतं आणि त्यानं हेच उत्तर दिलं होतं. ते तोंडातून सवयीनं बाहेर पडलं. आता ते परत घ्यायचं होतं, एवढंच. तो सरळ उभा राहिला.

"आज ब्रेकचं जरा..."

"ब्रेक? काल उतारावर बघितले की मी. पाय लावला की जागेवर!"

"बाहेरचा हात लागला नाही हो," रेडिओ म्हणाला, "असे ब्रेक आहेत!"

बायको त्याच्याकडे बघत होती. त्यानं कपाळ पुसलं. बोलायचं ठरवलं, आणि तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. ठेवणीतले कपडे, एका हातात काठी, दुसऱ्या हातात बहिणीसाठी घेतलेल्या लोकरी शालीची पिशवी. केस नीट बांधलेले. दोन पायऱ्या उतरायला त्यांना वेळ लागला. तेवढा वेळ त्याला होता. तो त्यानं दाराची मूठ पुसण्यात घालवला.

"व्वा!" वहिनी म्हणाल्या. लाकडी पट्टीकडे बघून त्यांचे डोळे भरून आले. "हे असते तर तुमची पाठ थोपटली असती, भाऊजी."

त्यांनी आधी काठी आत टेकवली, जशी सगळीकडे टेकवत, आणि त्यावर भार देऊन बसायला लागल्या. काठी रबरासकट खाली गेली. फार नाही, चार बोटं. पण एखाद्या माणसाला कळायला तेवढं पुरतं. वहिनींचा हात दारावर घट्ट झाला. त्या अर्धवट वाकलेल्या तशाच थांबल्या. मग त्यांनी काठी ओढून वर घेतली, रबराची कड काठीनं थोडी बाजूला सारली, खाली बघितलं. आणि पॉलिशवाल्याकडे बघितलं.

त्या नजरेत राग असता तर त्याला सोसला असता. त्या नुसतं बघत होत्या. शाळेतून मार खाऊन आलेलं पोर घरी काही बोलत नाही, तेव्हा बघतात तसं.

त्यांनी रबर परत सारखं केलं आणि बाहेर आल्या.

"मला नाही जायचं," त्या म्हणाल्या. "चक्कर येतेय."

"आई!" पुतण्याचा आवाज चढला. "हे काय नवीन? काल रात्रीपासून पिशवी भरून बसली होतीस!"

"नाही बरं वाटत, त्याला मी काय करू?"

"दर वेळी तुझं हेच. ऐन वेळी पाय मागे. मी सुट्टी टाकलीय. काकांनी या वयात जमिनीवर झोपून गाडी जोडली. कोणासाठी? त्यांच्याकडे तरी बघ!"

वहिनींनी बघितलं नाही. त्या पायरीवर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. रेडिओ म्हणाला, "म्हातारपणी असं होतं, चालायचंच." पॉलिशवाल्याची बायको पाणी आणायला आत गेली.

पॉलिशवाला उभा होता. वहिनींनी झाकलं होतं. त्यानं प्लाय घालून झाकलं, त्यांनी स्वतःला घालून झाकलं. आता काहीच करायचं नव्हतं. गाडी घरी न्यायची, हळूच तळ काढायचा, कुणाला कळलंही नसतं. त्याला सुटल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं, पोटातून वर आलेला श्वास त्याला स्वतःला ऐकू आला. आणि त्या श्वासाची त्याला एवढी लाज वाटली की गप्प राहवेना.

"नीट बोल आईशी," तो म्हणाला.

"नाही काका, तुम्ही मध्ये पडू नका. तिकडे मावशी उठून बसलीय आणि ही..."

"गाडीचा तळ सडलाय."

पुतण्या थांबला. "काय?"

"वहिनींच्या पायाखालचा पत्रा नाहीच आहे. मी प्लाय घातलाय. भिजला तो. सीटही त्याच्यावरच आहे." त्याला वाटलं, एवढं पुरे. पण सगळे अजून त्याच्याकडे बघत होते. "वेल्डिंगवाल्यानं सांगितलं होतं मला. आधीच. मघाशी दार उघडलं तेव्हाही बघितलं मी."

पुतण्यानं दार उघडलं, रबर ओढून बाहेर फेकलं आणि मुठीनं प्लायवर मारलं. तुकडा तुटून खाली रस्त्यावर पडला. तो भोकातून रस्त्याकडे बघत राहिला. मग उभा राहिला, पण काकांच्या तोंडाकडे त्यानं पाहिलं नाही.

"आई बसत होती, काका," तो म्हणाला. "तुमच्या डोळ्यांसमोर."

"हो."

"मला एक फोन करायचा होतात. पैसे मी..."

"तेच नको होतं मला."

बायको पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "सरकतंय म्हणालात रबर," ती म्हणाली. तेवढंच. रेडिओनं तोंड उघडलं, मिटलं, चपला पायात सरकवल्या आणि चालू लागला. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळणार होतं. त्याचं काही वाटून घ्यायला आता जागा उरली नव्हती.

वहिनींनी विचारलं, "मी तशीच बसले असते तर बोलला असतात का, भाऊजी?"

त्याला हो म्हणायचं होतं. त्यानं शोधून पाहिलं. "सकाळपासून तोंड उघडत होतो, वहिनी. नाही सांगता येत."

त्यांनी मान हलवली. थोडा वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसल्या. मग काठी घेऊन उठल्या.

"बस कधी आहे?" त्यांनी मुलाला विचारलं.

"बसनं? आई, तुला पायरी चढवत नाही."

"भाऊजी चढवतील. चला हो."

पॉलिशवाल्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. पण वहिनी चालायला लागल्या होत्या, आणि त्यांनी कोपर त्याच्या बाजूनं पुढे केलं होतं, धरायला.

बसथांब्यावर लोक होते. पायरी उंचच होती. त्याला खाली बसून वहिनींचा पाय दोन्ही हातांनी उचलून पायरीवर ठेवावा लागला, मग मागून खांदा लावून त्यांना वर ढकलावं लागलं. मागचे लोक कुरकुरत होते. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, आटपा!" वहिनींच्या गुडघ्यातून कळ निघाली, ती त्यांनी दातांखाली दाबली. त्यांचा सगळा भार त्याच्या खांद्यावर आला. चढून झाल्यावरही बराच वेळ त्याला तो खांद्यावर जाणवत राहिला.

सगळ्या वाटेत त्या त्याच्याशी हवेबद्दल बोलल्या, दुकानांच्या पाट्यांबद्दल बोलल्या. खड्डा आला की तो आपले पाय कुठं आहेत ते बघायचा. गाडीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

धाकटी खरोखरच उठून बसली होती, पाठीशी उशा रचून. दोघी बहिणींनी एकमेकींचे हात धरले आणि बराच वेळ नुसत्या हो ना, हो ना करत राहिल्या. शाल उलगडून झाली. पाणी झालं. मग धाकटीनं खिडकीतून बाहेर वाकून पाहायचा प्रयत्न केला.

"गाडी कुठं उभी केलीत? ताई म्हणाली होती, भाऊजींनी गाडी अशी केलीय की तोंड दिसतं तिच्यात. मला उचलून दाखवा बाई कोणीतरी."

पॉलिशवाल्यानं वहिनींकडे बघितलं. वहिनी शालीची घडी घालत होत्या. सकाळी झाकलं तसं त्यांनी या वेळी काही झाकलं नाही. घडी घालून झाली, ती त्यांनी मांडीवर ठेवली, आणि त्याही त्याच्याकडे बघायला लागल्या.

"गाडी नाही आणली," तो म्हणाला. आवाज बसला होता, त्यानं तो साफ केला. "तळ सडलेला होता. मला माहीत होतं. वर प्लाय टाकून मी ह्यांना त्यावर बसवायला निघालो होतो."

धाकटीनं बहिणीचा हात पुन्हा घट्ट धरला. पॉलिशवाला तसाच बसून राहिला, आणि ती जे विचारेल त्याची वाट बघू लागला.